रेघेबाहेरचा नारंगी रंग

लेकीने मेणखडूंचा डबा उघडला, तो वास आला, आणि मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या शाळेत सातवीच्या बाकावर जाऊन बसले.

भूगोलाचे सर नुकतेच भोपाळकडून बदलून आले होते. त्यांनी जगाच्या नकाशात फ्रेंच बोलणारे देश रंगवायला लावले. फ्रान्स केवढासा! पण सेनेगल, काँगो, हैती, कॅनडाचा कोपरा रंगवता रंगवता माझा निळा खडू निम्मा झिजला. मग भारताचा नकाशा आला. मराठीसाठी मी नारंगी खडू घेतला आणि महाराष्ट्राची रेघ ओलांडून पांढुर्णा, सौंसर, मोहगावही रंगवलं.

सरांनी त्यावर लाल फुली मारली. "मराठी महाराष्ट्र में बोलते हैं."

"मंग आम्ही घरी काय बोलून राहिलो, सर? फ्रेंच समुद्रापार जाते, अन् आमची मराठी एक रेघ नाही ओलांडत?"

तासभर मला उभं केलं. तेव्हा लाजेने कान तापले होते. आज वाटतं, साऱ्या वर्गात सगळ्यांत उंच मीच दिसत होते.

लेकीच्या पुढ्यातही आज भारताचा नकाशा आहे, भाषांचे रंग भरायला. तिचा नारंगी खडू महाराष्ट्राच्या काठावर थांबला. "आई, रेघेच्या बाहेर गेलं तर?"

"जाऊ दे. तिथं तुझी आजी राहते."