बुरशीचा आळ

पप्पांचा कॅमेरा चकलीच्या डब्यात राहतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आईला लग्नात आलेला. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा आणि त्याच्याभोवती बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या छोट्या पांढऱ्या पुड्या. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवे बूट घेतले की पुडी पप्पांकडे पोचती व्हायची. मुलुंडला पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी चढते, आणि लेन्सला एकदा बुरशी लागली की कॅमेरा गेला, असं त्यांना दुकानदारानं घेतानाच सांगितलं होतं. पप्पांनी ते असं मनावर घेतलं की आई म्हणायची, "पोरीला कधी एवढं जपलं नाही." पोरगी म्हणजे मी. मलाही ते अगदीच खोटं वाटत नसे.

पप्पा भांडुपच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. केसाएवढा फरक चालत नाही असं काम. रिटायर झाल्यावर त्या हातांना काहीतरी हवं होतं म्हणून हा कॅमेरा आला, मोठा, डोळ्याला लावून फोटो काढायचा. सुरुवातीला त्यांनी कबुतरं काढली, मग आमची तोंडं. मग पहिल्या मजल्यावरचे आजोबा वारले.

आमच्या बौद्ध घरांत माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याचा फोटो पांढऱ्या कापडावर मांडतात, समोर मेणबत्त्या आणि फुलं. मग तोच फोटो घराच्या भिंतीवर कायमचा. आजोबांचा एक धड फोटो घरात सापडेना. शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून आणला. जन्मभर कुणाला अरे म्हणून न बोललेला माणूस, आणि फोटोत नुकताच पोलिसांनी धरून आणल्यासारखा. पप्पा घरी आले ते जेवलेच नाहीत. "माणूस असा होता का?" एवढंच म्हणत राहिले.

तेव्हापासून त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायचं ठरवलं. जिवंतपणी, आमच्या खिडकीच्या उजेडात, खुर्चीवर नीट बसवून. आधी लोक हसले, मग यायला लागले. बायका ठेवणीतली पांढरी साडी काढायच्या. "दात लावून या," असं पप्पा जिन्यातूनच ओरडून सांगायचे. बिल्डिंगमध्ये त्याला सरळ 'हाराचा फोटो' म्हणत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. कितीतरी घरांत आज पप्पांनी काढलेली माणसं भिंतीवर आहेत आणि ती सगळी आत्ता काहीतरी बोलतील अशी दिसतात.

आईचा तेवढा राहिला. "मला काय घाई आहे?" म्हणत तिनं वर्षानुवर्षं टाळला. यंदा तिची अँजिओप्लास्टी झाली. हॉस्पिटलातून घरी आली, पंख्याखाली बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता माझा काढा. तुमच्या हातचाच पाहिजे."

"काढू," पप्पा म्हणाले. "कॅमेरा जरा बघून घेतो आधी."

कॅमेऱ्याचं कारण असं की त्याआधी समोरच्या काकूंचे फोटो बिघडले होते. पप्पांनी त्यांना तीन-तीनदा बसवलं, दरवेळी काकूंचा चेहरा पुसट, कडा दुहेरी. शेवटी काकूंच्या सुनेनं गुपचूप मोबाईलवर काढला. पप्पांना ते लागलं. "कॅमेरा जुना झाला," ते मला म्हणाले. "आतलं काहीतरी गेलंय. तू जरा नवा बघ. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं काहीही कळत नाही. पण मी अंधेरीला ऑफिसात बसते आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते, म्हणजे मला सगळं कळतं असा आमच्या घरात समज आहे. रविवारी मी घाटकोपरहून त्यांच्याकडे गेले. आईनं पप्पांना चहा दिला तो स्टीलच्या ग्लासात, तोही अर्धाच. कपबशीशिवाय चहा न पिणारा माणूस. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला तेव्हा मला दिसलं, आतला चहा हलत होता.

स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

"हळू बोल. डॉक्टरनी गोळी दिलीय त्याच्यावर."

"म्हणजे त्यांना माहितीये?"

"हाताचं माहितीये," आई म्हणाली. "फोटोचं नाही. त्यांना वाटतं, बटण दाबताना हात थांबतो."

यावर काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी मोबाईलवर कॅमेरे बघायची. नव्यांमध्ये हात थरथरला तरी फोटो सांभाळून घ्यायची सोय असते, असं सगळीकडे लिहिलेलं. सांभाळून घेतलं तर आईचा फोटो नीट येईल, पप्पा खूश. पण नाही घेतलं तर? तर दोष द्यायला जुना कॅमेराही उरणार नाही. आणि नवा घेतलाच नाही, तर आई खुर्चीवर बसायची वाट बघत राहणार, आणि तिच्याकडे वाट बघायला किती वेळ आहे हे तिच्या डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. मी एक कॅमेरा कार्टमध्ये टाकायची, जेवणाचा डबा बंद करायच्या आत काढून टाकायची. परत टाकायची. स्वतःचाच राग यायचा, पण रागानं बटण दाबलं जात नाही.

शेवटी पप्पाच वैतागले. "तुझ्याच्यानं नाही होणार. चल दुकानात."

घाटकोपरच्या दुकानातला मुलगा फार उत्साही होता. त्यानं काचेच्या कपाटातून एक कॅमेरा काढून पप्पांच्या हातात दिला. कॅमेरा हातात गेल्यावर त्याचा पट्टा हलायला लागला. पंखा नव्हता तिथे, एसी होता. मुलानं ते पाहिलं आणि अगदी चांगल्या मनानं म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका. ह्याच्यात हात हलला ना, तरी फोटो हलत नाय. तुमच्यासाठी एकदम झकास."

"कुणाचा हात हलतो?" पप्पा म्हणाले.

मुलानं माझ्याकडे बघितलं. पप्पांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला, दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि दुकानाबाहेर पडले.

रिक्षात ते बाहेर बघत बसले. विक्रोळी गेलं तरी तसेच. मला ते सहन होईना. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे पहिलं तोंडाला आलं ते मी बोलले. "त्या पोराचं काय ऐकता पप्पा? तुमच्या लेन्सला बुरशी लागली असेल. म्हणून फोटो पुसट येतात."

पप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बुरशी?"

"जुन्या कॅमेऱ्यांना लागतेच. आपल्याकडे हवा केवढी दमट."

त्यांनी मान परत बाहेर वळवली. मला वाटलं, बरं सुचलं. हाताचं नाव न घेता सुटले. ज्या माणसानं इतकी वर्षं बुटांच्या पुड्या गोळा केल्या त्याच्या डब्यावर आपण आळ घेतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या रविवारी मी गेले तर डबा टेबलावर उघडा होता आणि पप्पांच्या हातात टॉर्च.

"ये. इकडे ये. बघ."

त्यांनी लेन्स काढून खिडकीसमोर धरायला लावली, माझ्याच हातात. मागून स्वतः टॉर्च मारला. उजेडाचा गोळा काचेत नाचत होता, पण काच दिसत होती. डाग नाही, धागा नाही, धुळीचा कण नाही.

"कुठाय बुरशी?"

"नाहीये."

"नीट बघ."

"नाहीये पप्पा. स्वच्छ आहे."

"माझ्या डब्यात बुरशी लागणार नाही," ते म्हणाले. आवाज चढला होता. मग त्यांनी मला स्टूल आणायला लावलं, कॅमेरा त्याच्यावर ठेवून खिडकीतल्या ओव्याच्या कुंडीकडे रोखला, आणि आपोआप फोटो निघतो ते बटण दाबून बाजूला झाले. लाल दिवा लुकलुकला. फोटो निघाला. पप्पांनी तो मोठा करून माझ्यासमोर धरला. ओव्याच्या पानांवरची लवसुद्धा दिसत होती.

"कॅमेरा कसा आहे?"

"चांगला आहे."

"लेन्स?"

"चांगली आहे."

"मग?"

'मग' हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता, आणि विचारता विचारता तो त्यांना स्वतःला ऐकू आला. लेथवर काम केलेला माणूस. बिघाड शोधायची पद्धत त्यांना पाठ होती. हे तपासा, ते तपासा, जे उरेल तिथे दोष. त्यांनी उजवा हात वर करून बघितला, दुसऱ्या कुणाचा तरी बघावा तसा. मग टॉर्च बंद केला. मला वाटत होतं, त्यांनी माझ्यावर ओरडावं. टॉर्च फेकून मारला असता तरी मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "नवा नको घेऊ. हा चांगलाय," आणि फडकं घेऊन कॅमेरा गुंडाळायला लागले.

तेवढ्यात आई बाहेर आली. पांढरी साडी, निळा काठ. केस विंचरलेले, पावडर जरा जास्तच. आमचं टॉर्चचं चाललं होतं तेव्हा ती आत तयार होत होती. ती सरळ खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली, जिथे अख्खी बिल्डिंग बसून गेली होती.

"काढा आता. ऊन जाईल."

पप्पा उभेच. "स्टुलावर ठेवून काढतो," ते हळूच म्हणाले. "चांगला येईल."

"स्टुलाच्या हातचा नकोय मला."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे काय होतं? मी रिकामा डबा धरून उभी. त्यांनी फडकं सोडलं, कोपरं पोटाशी घट्ट दाबली, श्वास रोखला आणि फोटो काढला. मागच्या स्क्रीनवर आई आली, कडा दुहेरी, चेहरा पुसट. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"हललाय," पप्पा म्हणाले.

"मी हलले."

"तू नाही हललीस गं."

"नाकाला खाज आली मला. हलले म्हणते ना. परत काढा."

त्यांनी परत काढला. परत तसाच. "परत हलले बघा," आई म्हणाली, आणि पदर नीट करून पुन्हा बसली. ऊन खिडकीच्या गजांवरून खाली सरकत होतं. ती खुर्चीत अशी बसली होती की श्वाससुद्धा दिसत नव्हता.

पप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पट्टा हलत होता.

"आता हलू नको," ते म्हणाले.

"नाही हलत," आई म्हणाली.