सुगंधाने चाखलेली काच

कुणकेश्वरच्या सुगंधाचा नवरा गंगाराम मुंबईला एका प्रयोगशाळेत मिठाच्या काचा पुसायचा. आता हे चारचौघांत सांगायचं कसं, बोला! तिचा भाऊ दत्ताराम खलाशी, जिभेला हाड नाही. तो म्हणायचा, "मिठाची काच आसात, तर माझी होडी गुळाची. गो, तुझो घोव तुका फसयता." सुगंधा हसण्यावारी न्यायची, पण सात वर्षं तेच ऐकून तिच्याही मनात पाल चुकचुकली.

१९६६ च्या शिवरात्रीला गंगाराम जत्रेसाठी आला तो घट्ट झाकणाचा डबा घेऊन. आत बंद्या रुपयाएवढ्या दोन काचा. प्रयोगशाळेतल्या साहेबांना त्या पुढच्या सोमवारी हव्या होत्या. खराब झाल्या तर नव्या विलायतेहून यायला सहा महिने, तोवर प्रयोग बंद. म्हणून त्याने त्या कोणावर सोपवल्याच नव्हत्या.

"डब्याक हात लावू नको," त्याने बजावलं.

असं सांगितल्यावर डबा राहतो थोडाच. तो आंघोळीला गेला तशी सुगंधाने एक काच काढली आणि सरळ जीभ लावली. खारट! नवरा खरं बोलत होता. तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काचेवर जिभेएवढा पांढरा डाग उमटला, आणि तोच जीव टांगणीला लागला.

तिने लपवलं नाही. "तुमच्यावर इस्वास ठेवलंय नाय, म्हणान चाखलंय," ती म्हणाली. तिला स्वतःची फार लाज वाटत होती. गंगाराम कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "निखारे हाड."

तिने आणलेले निखारे घमेल्यात ठेवून हवा कोरडी केली. मऊ चामड्यावर बारीक पूड टाकून तो काच घासत बसला. श्वासाची वाफही नको, म्हणून दोघांनी तोंडं बांधलेली. शेजारणींना वाटलं, जत्रेतच नवराबायकोचं बिनसलं.

मधेच तोंडावरचा पंचा सारून त्याने समजावलं. उष्णतेचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. साधी काच तो अडवते, मिठाची सोडते. रक्ताच्या पेशीचा पातळ पडदा हिच्यावर सुकवायचा आणि यंत्रातल्या त्या उजेडात धरायचा. कागदावर जी रेघ उमटते, तिच्यावरून पडद्यातल्या प्रथिनांची ठेवण कळते.

"पुस्तकात म्हणतत, ती झापासारखी पसारलेली आसत. सायबांका वाटता, सुंभासारखी पिळलेली."

सुगंधाने जन्मभर नारळाचे झाप विणले होते, सुंभही वळलं होतं. "रगतात सुंभ?" ती म्हणाली.

"तांच बघूचा आसा. पण डाग रवलो तर यंत्राक काय्येक दिसूचा नाय."

तीन दिवस घासून काच जरा पातळ झाली, पण तिच्यातून देवळाचा कळस लख्ख दिसू लागला. गंगाराम ती घेऊन वेळेवर मुंबईला गेला.

आषाढात पत्र आलं. सुगंधाने ते पोस्टमनकडून दोनदा वाचून घेतलं. 'झाप नाही. बरंचसं सुंभच निघालं. तू चाखलेल्या काचेवरच दिसलं.'

होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे दत्ताराम रिकामा. त्याने विचारलंच, "काय गो, घोव अजून मीठच पुसता?"

"पुसता," सुगंधा म्हणाली. "पुसलां म्हणान तर दिसलां. तुझी गुळाची होडी खंय आसा? ती पण चाखून बघतंय."