बुडाशी पोपट असलेला तांब्या

आज सकाळी धुळ्यात धाकट्या भावाकडे, संजूकडे, साफसफाईला गेले आणि त्याच्याशी भांडून बसले. मोडीत द्यायच्या भांड्यांत त्याने एक पितळी तांब्या टाकला होता. म्हणे, "यावर कुणाचं नाव नाही ताई. कुठल्यातरी लग्नात दुसऱ्याचा आपल्याकडे आला असेल."

मी तांब्या उलटा केला. बुडाशी बारीक ठिपक्यांचा पोपट, चोचीत मिरची.

अरे, हा तर आपल्या आईचा!

नव्वदच्या आसपास धरणगावात आमच्या गल्लीत भांड्यांवर नावं टाकणारे एक नाना यायचे. आई त्यांना म्हणाली, "नाव टाकी काय उपेग, नाना? माले वाचता येस कोठे?"

"मंग तुले काय आवडस, अक्का?" एवढंच विचारून त्यांनी ठोक्याठोक्याने हा पोपट काढला. आधी काही आखलं नाही, की पुसलं नाही.

मग वाचता न येणाऱ्या सगळ्याजणी आल्या. कुणी कापसाचं बोंड काढून घेतलं, कुणी मोर. एका काकूंनी तर विंचू काढून घेतला, भांड्याला कुणी हात लावू नये म्हणून!

संजूने तांब्या पुसून बाजूला ठेवला. म्हणाला, "त्या नानांचं नाव काय गं?"

अख्ख्या गावाची नावं कोरणाऱ्याला आम्ही त्याचं नाव कधी विचारलंच नव्हतं.

धरणगाव-पारोळ्याकडच्यांनो, आज घरातली जुनी भांडी उलटी करून बघा. चित्र सापडलं तर फोटो टाका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या नानांचं नाव विचारा. नुसतं 'नाना' नको. नाना खानदेशात घरोघरी आहेत.