खाली पाण्यात गेलेली तीन खाचरं

इथले अनुभव मी वाचते ते जेवताना, टाइमपास म्हणून. भूत, भास, बाहेरचं... यातलं काही मला पटत नाही, आजही पटत नाही. पण डोकं इतकं पिकलंय की कुठेतरी लिहून टाकलं नाही तर मी कुणावर तरी ओरडेन.

मी उत्रोलीची. भोरला कॉलेजात इंग्लिश घेऊन बीए ऑनर्स केलं. चौथ्या वर्षाला डिझर्टेशन असतं. बाकीच्यांनी कादंबऱ्या घेतल्या, घरात पंख्याखाली बसून लिहिलं. मला दुर्बुद्धी सुचली — भातलावणीच्या गाण्यांचा इंग्रजी अनुवाद! गाईड मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, फील्डवर्क कर, बायकांबरोबर चिखलात उतर.

उतरले. जुलैमध्ये, गुंजवण्याला, हौसामावशींच्या भातखाचरात. मावशी साठीच्या, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे एक मोठं गाणं आहे. डोंगराकडून नदीकडे उतरत जाणाऱ्या खाचरांची नावं त्यात ओळीनं येतात, आणि प्रत्येक खाचराच्या कडव्यात ते लावणाऱ्या बाईचं नाव. लावणी उलटं सरकत करतात, हे भातवाल्यांना सांगायला नको. गाणं चालू असताना अर्ध्यातून चिखलाबाहेर पाय काढायचा नाही, हाही तिथला रिवाज. आमच्याकडेही आहे. मला माहीत होता.

पण माझी साडेचारची एसटी होती. पाचव्या खाचराचं कडवं संपत आलं आणि वरच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. मी "येते मावशी, बाकीचं पुढच्या वेळी" म्हणत बांधावर चढले, गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटातला मोबाईल काढून रेकॉर्डिंग बंद केलं आणि पळत सुटले. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. कंडक्टर जे बोलला ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडफोन लावून उतरवून घ्यायला बसले. बायकांचे आवाज, हॉर्न, माझं "येते मावशी"... आणि पुढे गाणं चालूच. एकच बाई गात होती, पातळ आवाजात, मागे चिखलात पाय पडल्याचा आवाज. सहावं, सातवं, आठवं खाचर. शेवटचं कडवं हे —

तळाच्या खाचराला पाणी आलं गं कमरेला,
रोप लावती ठकूबाई, पाठ टेकली बांधाला.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच कळलं नाही? फोन तर माझ्याबरोबर एसटीत होता! नाही कळलं. डेडलाईन मानेवर बसली की माणूस आयतं मिळालेल्याला प्रश्न विचारत नाही. बटण नीट दाबलं गेलं नसेल म्हटलं, आणि आनंदानं लिहून घेतलं. वहीत समासात पेन्सिलीनं मिनिटं टाकली. आठवं खाचर सोळाव्या मिनिटाला संपतं. ती वही आत्ताही माझ्यासमोर आहे.

या तीन कडव्यांवरच माझा सगळा तिसरा चॅप्टर उभा राहिला. मॅडमनी वाचून सांगितलं की डिझर्टेशनमध्ये जीव आहे तो इथेच. मग फेब्रुवारीत त्यांनी परिशिष्टासाठी ऑडिओ आणि मावशींचं सहीचं संमतीपत्र मागितलं. फाईल उघडली. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. "येते मावशी" आणि संपलं. मी ती फाईल किती वेळा लावली असेल ते विचारू नका. मोबाईल दुरुस्तीवाल्याला दाखवली, तो म्हणाला यात काही कापलेलं नाही.

शेवटी गुंजवण्याला गेले. मावशी ओट्यावर पावटा सोलत होत्या. म्हटलं सही करा, आणि वाचून दाखवायला लागले. सहाव्या खाचराला त्यांचे हात थांबले. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, तुम्हीच.

"मला पाचापातूर येतं. कुणालाच पुढं येत न्हाई. पुढचं माझ्या नणंदेला यायचं, ठकूला. ती गेली, मागनं खालची तीन खाचरं धरणाच्या पाण्यात गेली. तवापास्नं आमी पाचावर आलो की परत पयल्यापास्नं धरतो. अर्ध्यात सोडत न्हाई." मग पुढची शेंग उचलत म्हणाल्या, "सोडलंस ते तू एकटीनं. मग पुरं कुणीतरी करायला नगं व्हय?"

घाबरले का? खरं सांगू, आधी वैताग आला. मला भूत नको होतं हो, मला सही हवी होती! मावशींनी सही केली, पण पाच कडव्यांपुरतीच, आणि तसं मला फॉर्मवर लिहायला लावलं. म्हणाल्या, "जे म्या दिलंच न्हाई, त्याच्यावर सही कशी करू?" मी किती विनवलं. ऐकलं नाही. उलट ती तीन कडवी माझ्याकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतली, पाठ होईपर्यंत. मधेच पदराने डोळे पुसले, आणि पुन्हा म्हण म्हणाल्या.

मग मी मॅडमना म्हटलं, आता मावशींना पूर्ण येतं, पुन्हा रेकॉर्ड करते. मॅडमनी विचारलं, त्यांना कुणी शिकवलं? मी. मग सोर्स कोण? तूच! त्या चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाल्या, कडवी काढ, नाहीतर ती तू रचली आहेस असं मला माझ्या रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. मी खोटारडी नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? पेन्सिलीचे आकडे.

काढली. चॅप्टर निम्मा झाला. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी पानं उलटली आणि म्हणाले, गाणं अपुरं वाटतं, फील्डवर्कला आणखी वेळ द्यायला हवा होता. मी "येस सर" म्हटलं.

नऊ चाळीसच्या फाईलमधून सोळा मिनिटं कशी ऐकली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर सांगा, पण "मनाचे खेळ" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. कारण जिनं माझ्यासाठी गाणं पुरं केलं, तिचीच तीन कडवी मी माझ्या हातानं खोडली. तिचं नावसुद्धा. ते मी का केलं, हे मात्र मला नीट माहीत आहे.