कमोडचं सीट आणि माझी सासू

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही माझ्या सासूला नावं ठेवाल आणि ते मला चालणार नाही.

गेल्या नोव्हेंबरात माझी ड्यूटी नवेगाव बांधच्या धान खरेदी केंद्रावर लागली. मी कंत्राटी माणूस, घर गोंदियात. रोज एवढं अंतर मोटारसायकल हाणण्यापेक्षा माझ्या माहेरी राहा, असं बायको दुर्गेश्वरी म्हणाली. तिचं माहेर गावातच, केंद्रापासून चालत दहा मिनिटांवर. दोन महिने सासुरवाडी म्हटल्यावर मित्रांनी डोळे मिचकावले. त्यांचं काय जातंय! दिवसभर धुळीत उभं राहायचं, धान ओलं की कोरडं यावरून शेतकऱ्यांशी हुज्जत घालायची आणि संध्याकाळी अंग आंबलेलं असताना सभ्यपणे मांडी घालून, ‘नको, नको’ म्हणत तिसऱ्यांदा भात घ्यायचा. जावई होणं हे कष्टाचं काम आहे. त्याची सुट्टी नसते.

आमच्याकडे सासूला मामी आणि सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामींचं नाव शामकला. वय पासष्टच्या घरात, अंगकाठी बारीक आणि आवाज तीन घरं ओलांडून जाणारा. मासेवाला दारात आला की त्याच्याशी त्या असा भाव करतात की बिचारा पुढच्या खेपेला गल्ली बदलतो. पण मी समोर आलो की डोक्यावर पदर येतो आणि तो आवाज कुठे जातो कोण जाणे. माझ्याशी त्या भिंतीकडे बघून बोलतात. लग्नाला आठ वर्षं झाली, भिंत तीच आहे. एकदा मी त्यांना ओलावा मोजायच्या मशीनचं कौतुक सांगत होतो. त्यांनी पोत्यातला एक दाणा उचलला, दातांत धरून कट् असा फोडला आणि भिंतीला म्हणाल्या, “आनखी दोन दिवस उनात पायजे.” दुसऱ्या दिवशी मशीननं तेच सांगितलं.

चाळीस वर्षं चिखलात वाकून रोवणी केल्यावर गुडघ्यांचं जे होतं ते त्यांचं झालं. उकिडवं बसणं बंद करा, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं. मग दुर्गेश्वरीनं हट्टानं कमोड आणला आणि चैतराम मिस्त्रीनं तो सपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, कोपऱ्यात बसवला. टाकी पुढे होती, पाइप जवळ पडत होता, एवढाच हिशेब. दार पत्र्याचं. आणि जावयाची खाटही त्याच सपरीत, कारण घरातली हवेशीर जागा तीच.

कमोडवरचं प्लास्टिकचं सीट सैल झालं होतं. त्यावर बसलं की ते खर्रर्र करून बाजूला सरकायचं आणि उठलं की ठप्पकन आपटायचं. पत्र्याच्या दारामुळे तो आवाज दुप्पट होऊन बाहेर यायचा.

माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या सकाळी चहा पिताना मी हसत हसत विचारलं, “मामी, संडासात काय वाजते जी? झोपेतून दचकलो ना मी.” मामाजी हसले. मामी हसल्या नाहीत. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि आत निघून गेल्या. मी मात्र आणखी एक कप चहा मागून घेतला.

त्या दिवसापासून आवाज बंद झाला. मला वाटलं, दुरुस्त केलं असेल. पुढे मामींचे उपास सुरू झाले. सोमवार, गुरुवार, शनिवार. उपास नसेल त्या दिवशी रात्री भूक नसायची. या वयात माणूस देवाकडे वळतं, असा मी निष्कर्ष काढला, जेवलो आणि झोपलो. थकलेल्या माणसाला दिसत काहीच नाही, तो फक्त ताट बघतो.

तिसऱ्या आठवड्यात दुर्गेश्वरीचा फोन आला. मी केंद्रावर पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होतो.

“तुमी आईले काय म्हटलं जी?”

“मी? काहीच नाही.”

“संडासाचं काय म्हटलं?”

मला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा ती पुढे बोलतच होती. “तुमी घरी असले की ती तिकडं जातच नाही. पानी पिनं सोडलं तिनं. लघवीले आग होऊन राहिली. डॉक्टर म्हनते दिवसाले तीन लिटर पानी प्या, आन् ही दोन घोट पिऊन बसते. किडनीवर गेलं तं कोन पाहीन?”

मी हिशेब केला. संध्याकाळी सहाला मी घरी येतो, सकाळी नऊला निघतो. पंधरा तास. पासष्ट वर्षांची बाई पंधरा तास पोट आवळून बसते, कारण जावयाला चहाबरोबर गंमत सुचली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी पहाटे उठून तलावाकडे फिरायला जाऊ लागलो. पण मी केव्हा परतेन याचा नेम नव्हता, म्हणून मामी तेव्हाही गेल्या नाहीत. शेवटी मामाजींना गाठलं. त्यांचं नाव शालीकराम. माणूस भला, पण जवसाच्या तेलावर त्यांचा फाजील विश्वास. बैलाच्या खुरापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला त्यांच्याकडे तेच औषध. त्यांनी सीटच्या मागच्या बाजूला वाटीभर तेल ओतलं आणि समाधानानं मिशीला हात पुसला. जवसाचं तेल वाळलं की डिंकासारखं होतं, हे त्यांना माझ्याआधी चाळीस वर्षं माहीत असायला हवं होतं. तीन दिवसांनी सीट उचलताना चर्रर्र असा एक नवाच आवाज निघू लागला. जुने दोन होतेच.

मग चैतराम मिस्त्रीला निरोप गेला. “उद्या येतो जी, सध्या धान चुरून राहिलो,” असं त्यानं कळवलं. त्याच्या उद्याला आठ दिवस झाले. त्याला तरी काय बोलणार? सगळा तालुकाच धान चुरत, म्हणजे मळत होता आणि चुरलेलं सगळं माझ्याच काट्यावर येत होतं.

“मीच करतो मामाजी. दोन बोल्टांचं काम आहे.”

मामाजींचा चेहरा पडला. “जवाई संडासात हात घालीन? गावात तोंड दाखवाले जागा ठेवसान का नाही आमाले?”

इथे सगळं अडलं. मी घरात आहे म्हणून मामी जात नाहीत, आणि मी जावई आहे म्हणून मला दुरुस्त करू देत नाहीत. आणि मामींचे ओठ सुकत चालले होते. आता मला ते रोज दिसत होतं.

एका दुपारी रिकाम्या पोत्यांचा बारदाना संपला आणि केंद्र लवकर बंद करावं लागलं. मामाजी आणि मामी दोन गल्ल्या पलीकडे तेरवीच्या जेवणाला गेले होते. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. बाजारातून लोखंडी नटबोल्ट, पान्हा आणि सायकलची एक फाटकी ट्यूब घेतली, घरी येऊन शर्ट काढला आणि त्या चार बाय चारच्या जागेत आडवा झालो.

आधी रॉकेलच्या फडक्यानं मामाजींचं औषध खरडून काढलं. सीट कमोडला मागून दोन प्लास्टिकच्या बोल्टांनी धरलेलं होतं. एकाचे आटे झिजले होते, नट नुसता गरगर फिरत होता. दोन्ही बोल्ट बदलले, ट्यूबचे गोल तुकडे कापून मध्ये घातले. सीटच्या खाली चार रबरी बुचं असतात, त्यांतली दोन गायब होती. तिथेही ट्यूबचे तुकडे पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवले. मग कपड्यांसकट त्यावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. नऊ वेळा. आवाज नाही. शेवटचा एक आटा आवळायला पुन्हा खाली झोपलो. हात कमोडच्या मागे, गाल थंडगार फरशीवर. खरं सांगतो, तसंच झोपून जावं असं वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. पत्र्याचं दार उघडं होतं.

“कोन हाय?”

“मी आहे, मामी.”

त्या तेरवीतून एकट्याच का परतल्या, हे मला दोन क्षणांनी कळलं. जावई सहाला परतायच्या आत जाऊन यायची ही त्यांची वेळ होती. दिवसातली शेवटची.

त्यांनी पदर तोंडावर ओढला. “उठा जी. उठा पयले तिथून. पाया पडू का तुमच्या?”

“झालं मामी. आता वाजत नाही. मी बसून पाहिलं.”

त्या चौकट धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावर लाज होती, पण लाजायलासुद्धा वेळ नव्हता. “तुमी सडकीवर जा,” एवढंच म्हणाल्या. मी पान्हा तिथेच टाकला, शर्ट उचलला आणि पार सडकेवरच्या हातपंपापर्यंत गेलो. पंपाच्या ओट्यावर काळ्या हातांनी बसून राहिलो. ओळखीचे दोन-चार शेतकरी नमस्कार करून गेले. मी मान हलवत होतो.

दहा-पंधरा मिनिटांनी परतलो तेव्हा मामी अंगणात बादली, तांब्या आणि साबण घेऊन उभ्या होत्या. माझ्या हातांवर त्यांनी पाणी घातलं. एकदा नाही, तीनदा साबण लावायला लावला, अगदी कोपरापर्यंत. मग तांब्या बादलीत सोडला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

“आवाज बंद झाला.”

“हो.”

“पन तुमी आयकलं ना जी. ते कसं बंद होईन?”

 “चुकलं माझं,” एवढंच म्हणालो.

“तुमचं काय चुकलं? तुमी पोरासारखं इचारलं. मलेच सोसत नाही.” त्या खाली पायरीवर बसल्या, एक हात गुडघ्यावर ठेवून. “चाळीस वर्सं बांधीच्या आडोशाले जानं झालं, कोनाले पता नाही लागला. आता घरात, दार लावून बसनं हाय, तं साऱ्याईले आयकू येते.”

बोलून झाल्यावर त्या थकल्यासारख्या दिसल्या. मीही थकलो होतो. 

त्या रात्री जेवताना मी चोरून बघत होतो. मामींनी पाण्याचा गिलास उचलला, ओठांपर्यंत नेला. मग सपरीतल्या माझ्या खाटेकडे एक नजर टाकली आणि गिलास तसाच खाली ठेवला. माझी सगळी कारागिरी पाण्यात गेली. सीट गप्प झालं होतं, पण खाट अजून तिथेच होती आणि खाटेवर कान असलेला एक माणूस होता.

सकाळी मी मामाजींना सांगितलं की केंद्रावर माल उघड्यावर पडलाय, आता सीझन संपेपर्यंत मला रात्री तिथेच थांबावं लागणार. साफ खोटं. तिथे उदाराम नावाचा चौकीदार आहे आणि माझ्यासारखे चार उचलून बाहेर फेकेल असा आहे.

मामाजी खवळले. “गोदामात झोपसान? आमच्या घरी जागा नाही का? लोक काय म्हनतीन?” ते बराच वेळ बोलत होते. मी मोघम उत्तरं देत पिशवी भरत होतो.

सासुरवाडीहून निघताना जावयाला निदान तीनदा अडवायचं असतं. मामी तर त्यात वस्ताद. आठ वर्षांत त्यांनी माझ्या चपला लपवल्या आहेत, गाडीची चावी पिठाच्या डब्यात टाकली आहे, एकदा तर माझी धुतलेली पँट मुद्दाम पुन्हा पाण्यात घातली होती. या वेळी त्यांनी एकदाही ‘राहा’ म्हटलं नाही. आतून जाड कांबळं आणलं आणि माझ्या हातात दिलं.

“थंडी हाय. खाली पोतं टाकून घेजा,” त्या भिंतीला म्हणाल्या.

मी गाडी ढकलत फाटकाशी नेली आणि तिथून वळून बघितलं. मामी सपरीत उभ्या होत्या. मी बाहेर पडायची वाटसुद्धा न बघता त्यांनी भरलेला तांब्या तोंडाला लावला होता, आणि तो खाली येतच नव्हता.