नवरीच्या मागची जागा

लग्नाआधी फोटोग्राफर घरी आला, तेव्हा त्याने दोन कॅमेरे आणि जादा बॅटऱ्या दिवाणावर मांडल्या. "ऐन मुहूर्तावर बॅटरी संपली तर दुसरी हाताशी हवी," तो म्हणाला. मग लेकीला सूचना सुरू झाल्या. चमकणारी पावडर लावू नका, अक्षता तोंडावर फेकू देऊ नका. "आणि अंतरपाटाच्या वेळी तुमच्या मागे मामा उभे राहतील ना, त्यांना काळा कोट नको. फोटोत नुसता डाग दिसतो."

लेक माझ्याकडे बघत राहिली. माझा एकुलता एक भाऊ दिवाळीतच गेला होता.

"मामा नाहीयेत," मी म्हटलं. तो स्वच्छच असलेली लेन्स पुसत बसला. मला वाटलं, माणूस सोडून सगळ्याचीच जादा सोय करता येते.

लेकीने मागे दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नाही. अल्बममध्ये त्या फोटोत तिच्या मागे एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी आहे. मी दर वेळी तिथे बोट ठेवते.

त्याने काळाच कोट घातला असता. त्याच्याकडे तेवढा एकच होता.