जळगावचं ऊन

काका गेल्यावर माझी मावशी महाबळेश्वरला एकटीच राहत होती. पावसाळाभर घराची दारं बंद, भिंतींना ओल, आणि सांधे असे धरायचे की चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलावा लागे. शेवटी तिच्या मुलानं हट्टानं तिला आपल्याकडे जळगावला नेलं.

जानेवारीत मी भेटायला गेले तेव्हा मावशी ओट्यावर, उन्हाकडे पाठ करून, शेजारणींबरोबर मेथी निवडत होती. बोटं भराभर चालत होती.

"उन्हानं बरं केलं गं तुला," मी म्हणाले.

"उन्हानं? मे महिन्यात याच उन्हानं आठवडाभर अंथरुणाला खिळवलं होतं मला. या सुमननं रोज पन्हं आणून पाजलं. तिकडे पडले असते तर दूधवाल्याशिवाय कुणाला कळलं नसतं."

शेजारची सुमन नुसतीच लाजली. मी विचारात पडले. हवा बदला म्हणतात, तेव्हा आपण थंडी-उन्हाचाच हिशेब करतो. पण इथला उकाडा माणसांना दारं उघडायला लावतो, बाहेर आणून बसवतो. मावशी नेमकी कशानं सुधारली, ते मला ठरवता येईना.

"तिकडची आठवण येते?" मी विचारलं.

"धुक्याची येते. मला येते हो, गुडघ्यांना नाही येत."

सगळ्या खळखळून हसल्या. मावशी मात्र हसली नाही. परातीतली पानं ती उगाचच सारखी करत राहिली.